कॅमेरा नंबर तीन आणि बारा सुकेळी

गोखिवऱ्याच्या ‘नवमंगल’ सोसायटीतून पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण चोरीला गेलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद सेक्रेटरी आत्माराम धुरी यांना झाला. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी रीतसर हळहळ व्यक्त केली, वॉचमनला फैलावर घेतलं, उघड्या टाकीत वाकून पाहिलं, आणि मग चपला न काढताच घरात शिरून कपाटातली फाइल काढली. फाइलवर लिहिलं होतं, ‘सीसीटीव्ही – प्रस्तावित’. तीन वर्षं ती प्रस्तावितच होती. तीन सभांमध्ये कॅमेऱ्यांचा विषय निघाला आणि तीनदा ‘आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ या एका प्रश्नावर बुडाला. आता उत्तर मिळालं होतं. झाकण.

पोलीस चौकीत तक्रार द्यायला ते स्वतः गेले. तिथल्या हवालदारांनी पेन उघडायच्या आधी विचारलं, “कॅमेरा आहे?”

“नाही.”

“मग आम्ही बघायचं काय?”

धुरींना त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. रविवारच्या सभेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचून दाखवलं. कॅमेऱ्यांचा ठराव नऊ मिनिटांत मंजूर झाला. ज्या सोसायटीत गच्चीच्या दाराचा रंग ठरवायला दोन सभा आणि एक भांडण लागलं होतं, तिथे हा विक्रमच. चेअरमन मार्सेल सर हे निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांनी मुठीने टेबल ठोकून निकाल दिला, “धुरी, तुम्हीच निवडा, तुम्हीच बसवा. बत्तीस वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळलंय तुम्ही.”

हे खरं होतं. बत्तीस वर्षं धुरींच्या नजरेतून एक बोल्ट सुटला नव्हता. आवक, जावक, शिल्लक. जगातल्या सगळ्या गोष्टी या तीन रकान्यांत बसतात असं त्यांचं मत होतं, आणि बसत नसतील त्यांच्यासाठी शेरा नावाचा चौथा रकाना असतोच.

त्या संध्याकाळी साडेसहाला ते रोजच्यासारखे फिरायला निघाले. कॅनव्हासचे बूट, कानटोपी, हातात काठी. जिना उतरले. गेटकडे न वळता जिन्याखालच्या मीटर रूमकडे वळले, खिशातल्या किल्लीने कुलूप उघडलं, सात वर्षांपासून बंद असलेल्या एका मीटरच्या मागे हात घातला आणि केळीच्या वाळक्या सोपात बांधलेली पुडी काढली. पुडीतलं एक सुकेळं तोंडात घातलं. उन्हात वाळवलेल्या राजेळी केळ्याचा तो मधासारखा चिकट घास दाढेखाली गेला, धुरींनी डोळे मिटले, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण सकाळी काय करून बसलोय.

इथे दोन तारखा सांगायला हव्यात. कॅमेऱ्यांचा प्रस्ताव तीन वर्षांपूर्वीचा. धुरींची साखर दोन वर्षांपूर्वीची. प्रस्ताव लिहिताना त्यांना लपवण्यासारखं काही नव्हतं. मग डॉक्टरांनी गोड बंद केलं, आणि वसुंधराबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, देवासमोर उभं राहून सांगितलं, “तुम्ही एकट्याने का सोसायचं? आजपासून मीही गोड सोडलं.” धुरींनी त्यानंतर जेवढी सुकेळी खाल्ली, त्यातलं प्रत्येक ते वाक्य आठवतच खाल्लं. अपराधी वाटलं की माणूस खायचं थांबवतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी नंदाखालची सुकेळी खाल्लेली नाहीत.

ती आणायची मटिल्डा. तिची नंदाखालला वाडी होती, आणि दर मंगळवारी ती सोसायटीत भाजी, केळी घेऊन यायची. धुरींची पुडी ती गेटवर पावतीसारखी मुकाट्याने हातात ठेवायची. पूर्वी पंचवीसची असायची. अलीकडे बाराचीच.

“बाराच?” धुरींनी विचारलं होतं.

“राजेळी कमीय यंदा, सेक्रेटरीसाहेब,” मटिल्डा म्हणाली होती आणि भेंडीकडे बघत बसली होती.

तर मुद्दा असा की आता चार कॅमेरे येणार होते, आणि त्यातला किमान एक, कुठल्याही शहाण्या माणसाने बसवला, तरी मीटर रूमच्या दाराकडे बघणार होता. हे उघडकीला आलं तर डॉक्टर रागावतील, ते ठीक. पण वसुंधरा रागावणार नाही. ती गप्प होईल. एकदा तिच्या माहेरच्या लग्नाची तारीख ते विसरले होते, तेव्हा ती अकरा दिवस गप्प होती. इथे तर दोन वर्षांचा हिशेब होता.

कॅमेरेवाला जितेश दुसऱ्या दिवशी आला. कानात एक यंत्र, हातात दोन फोन, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ‘काका’.

“काका, बुलेट घेता की डोम घेता?”

“फरक काय?”

“काका, बुलेट लांब असतो, चोराला दिसतो, चोर घाबरतो. डोम गोल असतो, चोराला कळतच नाही कुठे बघतोय, म्हणून घाबरतो.”

“म्हणजे दोन्हीकडून चोर घाबरतो.”

“काका, चोराचं टेन्शन सोडा. मेंबर घाबरतात का ते बघा. मेन काम तेच आहे.”

सल्ल्यांचा पाऊस त्याच दिवशी सुरू झाला. पहिल्या मजल्यावरची बेला म्हणाली, तिच्या मावसभावाने आवाजवाला घेतलाय, कॅमेऱ्यातून चोराशी बोलता येतं. चोराशी काय बोलायचं, हे मावसभावाने अजून ठरवलं नव्हतं. मार्सेल सरांनी कागदावर कोन काढून सिद्ध केलं की चार कॅमेऱ्यांत संपूर्ण तळमजला येतो आणि एक अंशही सुटत नाही. खजिनदार उन्नती घरून कॉम्प्युटरवर काम करायची. तिने जाहीर केलं की चित्र मोबाइलवर दिसतं, तेव्हा अ‍ॅप सगळ्या चोवीस सभासदांना द्यायचं. “काका, तुम्हीच म्हणता ना, कारभार पारदर्शक हवा?” ते वाक्य धुरींनी स्वतःच्या हाताने नोटीस बोर्डावर लिहिलेलं होतं, लाल शाईत, खाली दोन रेघा मारून.

त्यात जितेशने रेकॉर्डिंगच्या मशीनसाठी जागा सुचवली. कोरडी, कुलपाची, वीज हाताशी असलेली. मीटर रूम.

धुरी स्टोअरमधले होते. नको असलेली वस्तू आत येऊ द्यायची नसेल तर काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं: परवानगी मागायची. त्यांनी वीज कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिलं की मीटर रूममध्ये परकं यंत्र बसवण्यास आपली हरकत असल्यास, किंवा हरकत असण्याची शक्यता असल्यास, कृपया कळवावे. या कार्यालयाकडे त्यांनी जळालेल्या फेजबद्दल सात पत्रं लिहिली होती, त्यातल्या एकाचंही उत्तर आलं नव्हतं. आता हे प्रकरण वर्षभर तरी अडकेल अशा विश्वासाने ते झोपले. चौथ्या दिवशी उत्तर आलं. ‘आमची हरकत नाही.’ खाली शिक्कासुद्धा स्वच्छ उमटलेला.

शेवटी त्यांनी भिंतीला ओल असल्याचं कारण काढलं, ती दाखवण्यासाठी भिंतीला तांब्याभर पाणी लावलं, आणि मशीन स्वतःच्या घरी, टीव्हीशेजारी ठेवून घेतलं. वसुंधराबाई मशीनकडे बघून एवढंच म्हणाल्या, “यावर क्रोशाचा रुमाल घातला तर चालेल का?”

राहिला कॅमेरा नंबर तीन. पार्किंगचा. तो जितेशने बसवला आणि मोबाइलवर मीटर रूमचं हिरवं दार ठसठशीत उमटलं. कडी दिसत होती. कडीवरचा गंज दिसत होता.

“थोडा डावीकडे घे,” धुरी म्हणाले.

“काका, मग मीटर रूम सुटते.”

“सुटू दे. मीटर कोण चोरणार? बिल भरावं लागेल त्याला.”

जितेशने स्क्रू सैल केला, कॅमेरा डावीकडे गेला, हिरवं दार चित्राबाहेर सरकलं. मार्सेल सरांचा सुटलेला एक अंश तो हाच.

पहिल्याच आठवड्यात टाकीवर नवं बसवलेलं झाकणही गेलं. यावेळी चित्र होतं. सगळी कमिटी धुरींच्या दिवाणखान्यात जमली, वसुंधराबाईंनी चहा केला, मशीन सुरू झालं. चित्र इतकं स्वच्छ की झाकणावरचं कंपनीचं नाव वाचता येत होतं. कॅमेरा उंचावर, आणि चोराने झाकण डोक्यावर घेतलेलं. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी एक लोखंडी झाकण दोन पायांनी गेटबाहेर चालत गेलं, वळणावर थांबलं, रिक्षात बसलं. हवालदारांनी ते दोनदा पाहिलं आणि विचारलं, “झाकण ओळखता तुम्ही?”

“हो.”

“मग अर्धं काम झालं.”

पण खरी गंमत वेगळीकडे घडत होती. अ‍ॅप चोवीस घरांत गेल्यापासून सोसायटीला टीव्ही नकोसा झाला. कोणाची कामवाली किती वाजता आली, कोणाकडे कुठलं पार्सल आलं, कोणाचा जावई न जेवता परतला, सगळं हातात. माणसं गेटमधून आत येताना केस नीट करू लागली. आणि प्रत्येकाने चार चौकटी बघून बघून, पाचवी गोष्ट आपोआप शिकून घेतली: काय दिसत नाही ते.

एका संध्याकाळी धुरी फिरायला उतरले, तर मीटर रूमच्या दाराशी मार्सेल सर उभे. हातात सिगारेट. उपवासकाळ सुरू झाला होता, ईस्टरपर्यंत सिगारेट सोडल्याची शपथ सरांनी फादरांसमोर घेतली होती, आणि त्यांच्या पत्नी फ्लॉसीबाई चौथ्या मजल्यावर अ‍ॅप उघडून बसल्या होत्या.

“ओल बघायला आलो,” सर म्हणाले.

“कमी झालीय का?” धुरींनी विचारलं.

“तशी आहे अजून.”

दुसऱ्या दिवशी तिथे बेलाही होती, फोनवर आईला सासूच्या स्वभावाचे बारकावे सांगत. तिसऱ्या दिवशी उन्नती, एका मांजराला वाटीतून दूध पाजत. आवारात मांजरांना खायला घालण्यास सक्त मनाई, ही नोटीसही धुरींच्याच हातची. उन्नती त्यांना बघून म्हणाली, “काका, हे आपल्या सोसायटीचं नाहीये, बाहेरचं आहे.” मांजर धुरींच्या बुटावर बसलं.

म्हणजे जी जागा दोन वर्षं धुरींची एकट्याची होती, तिथे आता साडेसहाला उभं राहायला जागा नव्हती. एवढा पैसा, एवढे ठराव, आणि कॅमेरे लावून त्यांनी सोसायटीला मिळवून दिलं काय, तर एक आडोसा. बिचारे सलग तीन संध्याकाळी खरोखर फिरून आले. गुडघे दुखले.

मग त्यांनी वेळ बदलली. दुपारी तीन. वसुंधरा त्या वेळी पडलेली असते. पुडी काढली, सोडली, आणि सवयीने मोजली.

मंगळवारी आवक बारा. त्याच संध्याकाळी जावक एक. मग तीन दिवस जावक शून्य. शिल्लक अकरा हवी. निघाली सात.

धुरींनी पुन्हा मोजली. स्टोअरमध्ये बत्तीस वर्षांत त्यांना अशी तूट लागली नव्हती. आधी उंदराचा संशय आला. पण पुडी जशी होती तशी बांधलेली होती, आणि उंदीर पुडी परत बांधत नाही. शिवाय गाठ दुहेरी होती. धुरी एकेरी मारायचे. कुलूप शाबूत. एक किल्ली त्यांच्या खिशात, दुसरी घरी किल्ल्यांच्या डब्यात. वर जाऊन पाहिलं, ती तिथेच.

आता त्या माणसाची अवस्था बघा. सोसायटीत चार कॅमेरे आहेत. ते त्याने स्वतः बसवलेत. सोसायटीत एक खरी, पद्धतशीर, रोजची चोरी चालू आहे. ती बरोबर तिथेच होतेय जिथे त्याने स्वतः स्क्रू फिरवून कॅमेऱ्याचं तोंड वळवलं. आणि चोरीला जाणारा माल असा, की तक्रार देणाराच पहिला आरोपी.

दोन दिवस ते संशयाने पोखरले गेले. मार्सेल सर खोकले की त्यांना घशात सुकेळं अडकल्यासारखं ऐकू यायचं. मांजरही त्यांना पूर्वीपेक्षा गुबगुबीत वाटू लागलं. त्याच आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट आला, आणि साखर चक्क उतरली होती. डॉक्टरांनी शाबासकी दिली. “चालण्याचा परिणाम,” धुरी म्हणाले. वसुंधराबाई रिपोर्टची घडी घालत म्हणाल्या, “तर काय.”

रविवारी शिल्लक पाच झाली, आणि सोमवारी त्यांनी जितेशला बोलावलं. “तीन नंबर उजवीकडे घे. दोन तासांसाठी. तपासणी आहे.”

“काका, सगळ्यांच्या मोबाइलवर दिसणार हां.”

“दुपारी कोण बघतंय?”

इथे धुरींचा हिशेब चुकला. हिरवं दार चौकटीत सरकलं त्या क्षणी तीन घरांत धावपळ उडाली. मार्सेल सरांनी पाकीट गॅलरीतल्या कुंडीत पुरलं. बेलाने आईचा फोन कापला. उन्नतीने मांजराला उचलून आत घेतलं. आणि तिघंही अ‍ॅपसमोर बसले, की आता पकडलं कोण जातंय. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्या घरचेही बसले.

धुरी टीव्हीशेजारच्या मशीनपुढे खुर्ची ओढून बसले होते. वसुंधरा आत पडली असावी, दार लोटलेलं होतं. चार वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर एक बाई आली. अंगावर निळा गाऊन, खांद्यावर टॉवेल, हातात किल्ली. तिने कुलूप उघडलं, आत गेली, पुडी घेऊन बाहेर उजेडात आली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ऐसपैस बसली. सोप सोडला, एक सुकेळं काढलं, त्याचे दोन तुकडे केले, आणि ते एकामागून एक, घाई न करता, खाल्ले. मग पुडी बांधली. दुहेरी गाठ.

धुरींनी आतलं दार ढकललं. पलंगावर उशी होती, वसुंधरा नव्हती.

टेबलावरचा मोबाइल थरथरू लागला. सोसायटीचा ग्रुप जागा झाला होता.

बेला: वसुंधराकाकू मीटर रूममधून काय काढतायत?

फ्लॉसीबाई: सोसायटीची वस्तू आहे का?

उन्नती: मीटर रूमची किल्ली सेक्रेटरींशिवाय कोणाकडे नसते. रजिस्टरमध्ये नोंद आहे का?

तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ कधीच काही लिहीत नसत. त्यांनी लिहिलं: झाकणंही अशीच गेली का?

त्याखाली दोघांनी हसणारी तोंडं टाकली.

धुरींनी चष्मा शोधला. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पुडीवर कोणाचं नाव नव्हतं. वसुंधराला चार दिवस टोमणे बसले असते, ती निगुतीने परतवायला समर्थ होती, आणि त्यांचं दोन वर्षांचं गुपित तिच्यापुढे झाकलेलंच राहिलं असतं, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे. पण ‘झाकणं’ हा शब्द त्यांना पचेना. त्यांनी एका बोटाने टाइप करायला घेतलं. एकेका अक्षराला वेळ लागत होता आणि वर नवनवीन तोंडं येतच होती.

‘पुडी माझी आहे. आत सुकेळी आहेत. मला मधुमेह आहे. पत्नीपासून लपवून ठेवली होती. ती चोर नाही. चोर मी आहे. – आ. रा. धुरी, मानद सेक्रेटरी.’

मिनिटभराने मार्सेल सरांनी लिहिलं, ‘कुठून आणलीत?’

दाराची कडी वाजली. वसुंधराबाई आत आल्या, टॉवेलने हात पुसला, किल्ली डब्यात टाकली आणि खांद्यावरचा टॉवेल खुर्चीवर ठेवला. मोबाइल त्यांच्याही हातात होता.

“‘मानद’ लिहायची काय गरज होती?” त्या म्हणाल्या.

धुरी उभे राहिले. मग बसले. “तुला कधीपासून माहितीय?”

“शर्टाचे खिसे कोण उलटे करतं या घरात? दोन वर्षं वाळक्या सोपाचे धागे काढतेय मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही दुसरी जागा शोधली असती. ही मला माहीत होती.” त्या समोर बसल्या. “मटिल्डाला पंचवीसची बारा करायला मीच सांगितलं. तरी तुम्ही संपवायचात. मग म्हटलं, रोज एक आपणच काढावं. साखर काय चालून उतरली वाटतं तुमची?”

“आणि तू जे गोड सोडलंस देवासमोर?”

वसुंधराबाई पहिल्यांदाच जरा गोंधळल्या. “तुमच्यातलं एक काढल्यावर त्याचं करायचं काय मी? सुकेळं काय टाकवतं का?” मग म्हणाल्या, “पहिल्या दिवशी टाकायलाच नेलं होतं.”

धुरींना बऱ्याच दिवसांनी हसू आलं. मनातल्या रजिस्टरमध्ये त्यांनी तुटीची नोंद खोडली आणि शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

रविवारी सभा झाली. तिसरा विषय होता, कॅमेरा नंबर तीन कायमचा मीटर रूमकडे वळवणे. कोणी टाकला होता विषय? त्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी, आणि नेमके तेच सभेला आले नव्हते. मार्सेल सरांनी सूचक कोण म्हणून विचारलं. बेला बांगडी फिरवत बसली. उन्नतीने मोबाइल उलटा ठेवला. फ्लॉसीबाई हात वर करणार होत्या, पण सरांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, “मीटर कोण चोरणार? बिल भरावं लागेल त्याला,” आणि हशा झाला. धुरींनी इतिवृत्तात लिहिलं: ‘विषय क्रमांक तीन, सूचक मिळाला नाही.’ जितेश येऊन स्क्रू पुन्हा डावीकडे फिरवून गेला. टाकीला आता फायबरचं झाकण बसवलंय, ते अजून कोणी नेलेलं नाही.

मंगळवारी मटिल्डाने नवमंगलमध्ये सुकेळ्यांच्या सतरा पुड्या विकल्या. राजेळी यंदा चांगलीच झाली होती म्हणे.

धुरींच्या घरी नवा नियम लागू झाला. दिवसाला एक सुकेळं, त्यातलं अर्धं त्यांचं, अर्धं तिचं, उघडपणे, बशीत, चहाबरोबर. धुरींनी पहिल्या दिवशी टेबलाशी बसून ते अर्धं खाल्लं. डॉक्टर म्हणाले होते तेवढंच, बायको समोर, मनावर कसलंही ओझं नाही. चव लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या संध्याकाळी साडेसहाला त्यांनी आपलं अर्धं रुमालात बांधलं, कॅनव्हासचे बूट घातले, काठी घेतली आणि “फिरून येतो” म्हणत खाली उतरले. जिन्याखाली सर धूर सोडत होते, बेला फोनवर होती, मांजर वाटी चाटत होतं. कोणी कोणाकडे बघितलं नाही. तिथला तो रिवाजच झाला होता.

शेवटच्या पायरीवर वसुंधराबाई बसल्या होत्या. मांडीवर बशी, बशीत त्यांचं अर्धं. त्यांनी वर न बघता थोडं सरकून जागा करून दिली.